दोघा भावांच्या गोळ्या

आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचं काम बघणारे सर म्हणाले, "तुझ्या कामाविषयी लिही." मी नाही म्हटलं. कामाच्या आठवणी निवृत्त झालेल्या माणसांनी लिहाव्यात असं मला वाटतं. मी अजून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि काम काय, तर लॅबसाठी लोकांचं रक्त घेणं. त्यात सांगण्यासारखं काय असणार? सर माझ्याकडे जरा बघत राहिले आणि म्हणाले, "दमलेली दिसतेस. दमण्याइतकं काम केलंस, मग लिहिण्याइतकंही झालं असेल."

म्हणून लिहिते आहे. माणसांची नावं बदलली आहेत. ज्या दोन भावांविषयी मुख्यतः लिहिणार आहे, त्यांना विचारूनच लिहिते. धाकटे म्हणाले, "लिही गो, पन मना जरा उंच दाखव."

बारावीनंतर मी लॅबचा डिप्लोमा केला आणि पेणच्या एका लॅबमध्ये कामाला लागले. डिग्री नोकरी सांभाळून चालू आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आईबाबा दोघंही मिठागरावर राबले. मी गळ्यात ओळखपत्र घालून स्कूटी काढली की आई अजूनही दारात येऊन उभी राहते. तिला वाटतं, मी डॉक्टरच्या जवळपास काहीतरी झाले आहे. समजावणं मी आता सोडून दिलंय.

उजाडताना पेणच्या रामवाडीपासून सुरुवात होते. रक्त उपाशीपोटी द्यायचं म्हणून सगळ्यांना पहिला नंबर हवा असतो. चहा अडलेल्या माणसाइतका रागीट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. गावातली घरं झाली की वडखळ ओलांडून खाडीकडची गावं. नळ्या बर्फाच्या डब्यात, डबा पायाशी, हायवेची धूळ तोंडावर. आठवड्यातले काही दिवस रोह्याच्या सेंटरवर बसायचं असतं. कॉलेज दुपारचं, जमलं तर. वर्गात मी मागच्या बाकावर बसते, कारण डोळा लागतो.

लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी मला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. आपण रक्त घ्यायचं, रिपोर्टवर बोलायचं नाही. "बरं आहे असंही म्हणायचं नाही," त्या म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्यावरूनसुद्धा त्यांना काही कळता कामा नये." हे वाचायला सोपं वाटेल. पण लोक रक्त घेताना सुईकडे बघत नाहीत, रक्त घेणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतात. दिवसभर चेहरा कोरा ठेवायचा म्हणजे डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चालण्यासारखं आहे. संध्याकाळी मान दुखते.

बायका रक्त देताना सगळं सांगतात. सून, सांधे, सगळं. पुरुषांचं तसं नाही, आणि त्यातही एका तपासणीचं अजिबात नाही. तिला सगळे पीएसए म्हणतात. पुरुषांच्या मूत्राशयाच्या खाली प्रोस्टेट नावाची सुपारीएवढी ग्रंथी असते. ती एक प्रथिन तयार करते आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. ते किती उतरलंय, हे या तपासणीत मोजतात. वय वाढलं की ग्रंथी वाढते आणि आकडाही वाढतो. लघवीच्या जागी जंतुसंसर्ग झाला तरी वाढतो. आणि ग्रंथीत कॅन्सर असला तरीही वाढतो. म्हणजे आकडा वाढला तर कॅन्सर आहेच असं नाही, आणि आकडा बरा दिसला तर नाहीच असंही नाही. मी हे वहीत तीनदा लिहिलं तेव्हा मला समजलं. लोकांना मात्र पास की नापास, एवढंच हवं असतं.

ही तपासणी करायला मुलगी आली की पुरुष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलतात. कोलाडच्या बाजूला हायवेवर एकांचं हॉटेल आहे. त्यांचं रक्त घ्यायला मी गेले, तर गल्ल्यावरूनच त्यांनी हाताने खूण केली.

"चिठ्ठी मोठ्यानं वाचू नकोस."

"नाही वाचत."

"कोनी काय इचारलं तर सांग, शुगरची तपासणी हाय."

मी कुणाला काहीच सांगितलं नाही, पण त्यांनीच सगळ्यांना शुगर सांगितली. पुढच्या वेळी गेले तेव्हा पोऱ्या त्यांच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवत होता आणि शेजारचा पानवाला त्यांना कारल्याच्या रसाचे फायदे सांगत होता. त्यांचा रिपोर्ट चांगला आला होता. शुगर तर त्यांना कधीच नव्हती. तरी ते मुकाट्याने तो चहा पीत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "आता सवय झाली."

दुसरी तपासणी असते टेस्टोस्टेरॉनची. हे पुरुषांचं हार्मोन. दाढीमिश्या, आवाज, ताकद, इच्छा, सगळ्यात त्याचा वाटा असतो, आणि प्रोस्टेट त्याच्यावरच पोसली जाते. रक्तात त्याची पातळी सकाळी चढलेली असते आणि दिवसभरात उतरत जाते, म्हणून रक्त सकाळी घ्यायचं. रोह्याच्या सेंटरवर एक जण कंपनीतली रात्रपाळी संपवून थेट आला होता. डोळे लाल. अशक्तपणा वाटतो म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. मी विचारलं, "झोपलात कधी?" तो म्हणाला, "ताई, आमची सकाळ म्हणजे तुमची रात्र. आता तुमची मशीन कुठली सकाळ धरते ते तिलाच ठाव." मी मॅडमना फोन केला. त्यांनी सुट्टीच्या आठवड्यात, नीट झोप झाल्यावर यायला सांगितलं. तो काही परत आला नाही. त्याला सुट्टी मिळाली नसेल, किंवा झोप.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढची गोष्ट या दोन तपासण्यांची आहे.

खाडीकाठच्या एका गावात हिराजीकाका आणि हसुरामकाका हे दोघे भाऊ एका घरात राहतात. दोघांनी मिठागरावर काम केलं. पुढे हसुरामकाका धरमतरला माल वाहणाऱ्या बार्जवर लागले. थोरल्या हिराजीकाकांची बायको भागीकाकी. हसुरामकाकांची बायको लवकर गेली, मूल नाही. चूल एक, कोयता एक, होडी होती तीही एकच. हिराजीकाका कमी बोलतात, आणि हसुरामकाका त्यांच्या वाटणीचंही बोलतात.

हिराजीकाकांना शुगर आहे आणि प्रोस्टेट वाढलेली आहे, म्हणून ते माझे नेहमीचे. हसुरामकाकांची ओळख झाली ती गावातल्या आरोग्य शिबिरात. त्यांनी सगळ्यांची थट्टा करत हात पुढे केला. "घे गो, खाडीचं पानी निघंल." त्यांचा पीएसए वाढलेला निघाला. फार नाही, पण डॉक्टरांनी लक्ष ठेवावं इतका. पेणला मूत्ररोगाचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी तपासलं आणि सांगितलं की काही महिन्यांनी आकडा पुन्हा बघू, तेव्हाही चढा असला तर पुढची तपासणी करू.

काही महिन्यांनी मी पुन्हा रक्त घेतलं. आकडा निम्म्यावर आला होता. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?" काका म्हणाले, "नाय." मग शिबिराच्या वेळी जंतुसंसर्ग असेल आणि आता तो उतरला असेल, असं सगळ्यांना वाटलं. असं होतंही. काकांनी लॅबमध्ये जिताडा पाठवला. आमच्याकडे जिताडा कुणी उगाच देत नाही. तो मासा पाहून मॅडमसुद्धा हसल्या.

त्यानंतरच्या तपासणीला आकडा थोडा वर होता, पण होता मर्यादेतच. काका म्हणाले, "पास." मी चेहरा कोरा ठेवला.

मग एक सकाळ. हिराजीकाकांची शुगरची तपासणी होती. एकदा उपाशीपोटी आणि एकदा खाल्ल्यानंतर. एरवी मी मधल्या वेळात दुसरी घरं उरकून येते. त्या दिवशी स्कूटी त्यांच्या दारातच पंक्चर झाली आणि मी तिथेच पडवीत बसले. काकीने दोघा भावांना तांदळाची भाकरी आणि कालचं कालवण वाढलं. मलाही वाढलं. "खा गो, रगत काढून काढून तूच पांढरी झालीस."

जेवण झालं. काकीने फळीवरून गोळ्यांची पट्टी काढली, दोन गोळ्या फोडल्या आणि एका बशीत ठेवून बशी दोघांच्या मध्ये सरकवली. हिराजीकाकांनी एक घेतली, हसुरामकाकांनी एक. पाण्याचा तांब्याही एकच.

"काका," मी हसुरामकाकांना म्हटलं, "तुम्हाला कसली गोळी?"

"दादाची हाय ती."

"पण तुम्ही घेता?"

"मंग? दादा रात्री लघवीला चारदा उठायचा, मी पन चारदा. शिबिरानंतर ही गोळी लागू झाली, तसा दादा एकदाच उठायला लागला. मी म्हटलं, मी एकट्यानं अंधारात काय करू? मना पन दे."

काकी म्हणाली, "एकाच चुलीवरचं खातात, दोघांचं दुखनं एक, मंग गोळी वेगळी कशाला? रिकामी पट्टी दाखवली की मेडिकलवाला देतो."

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"माजी कुठं हाय?" हसुरामकाका खरंच गोंधळले होते. "त्यांनी इचारलं, तुमची गोळी कोनती. माजी कोनतीच नाय. ही दादाची."

ते खोटं बोलले नव्हते. आमच्याकडच्या गावांत असंच असतं. गोळी ज्याच्या नावावर, त्याची. दुसऱ्याने घेतली तर ती घेतलेली धरत नाहीत, जसं शेजारच्या घरी प्यायलेला चहा कुणी मोजत नाही. माझी आई बाबांची गुडघ्याची गोळी घेते आणि वर म्हणते, मला औषधाची सवय नाही.

मी पट्टीवरचं नाव वाचलं. कॉलेजात या औषधाबद्दल एकदा ऐकलं होतं, पण नीट आठवेना. त्या तासालाही बहुतेक डोळा लागला असेल. एवढंच आठवत होतं की त्याचा आणि पीएसएचा काहीतरी संबंध आहे. मी हिराजीकाकांचं दुसरं रक्त घेतलं, अंगणात आले आणि मॅडमना फोन लावला.

मॅडमनी आधी पट्टीवरचं नाव दोनदा वाचायला लावलं. मग त्यांनी समजावलं. टेस्टोस्टेरॉनचं ग्रंथीत गेल्यावर आणखी जोरकस हार्मोन तयार होतं, ते ही गोळी होऊ देत नाही. त्यामुळे ग्रंथी आक्रसते, लघवी मोकळी होते, आणि पीएसएचा आकडा साधारण निम्म्यावर येतो. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचा आकडा डॉक्टर दुप्पट धरून वाचतात. हिराजीकाकांचा दुप्पट धरूनच वाचत होते, कारण गोळी डॉक्टरांनीच लिहून दिली होती. हसुरामकाकांचा जसाच्या तसा वाचला गेला. आणि गोळी चालू असताना आकडा पुन्हा चढत असेल, तर ते थांबून बघण्यासारखं नसतं.

"म्हणजे कॅन्सर आहे?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. पण ही गोष्ट त्यांच्या डॉक्टरांना कळली पाहिजे. पट्टी घेऊन जायला सांग. मीही फोन करते."

परत पडवीत जाईपर्यंत मला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी हे सांगावं. नियमाच्या बाहेर मी जात नव्हते, रिपोर्टवर काही बोलायचं नव्हतं. फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ही पट्टी डॉक्टरांना दाखवा. तरी मी आधी स्कूटीचं पंक्चर चाक उगाच दाबून पाहिलं. कारण हिराजीकाका विचारणार हे मला माहीत होतं.

त्यांनी विचारलंच. दिवसभरातलं त्यांचं तेवढंच बोलणं असावं.

"माज्या गोळीनं काय झालं काय त्याला?"

"नाही काका. गोळीने काही केलं नाही. गोळीमुळे आकडा कमी दिसला असेल, एवढंच."

"म्हंजे झाकलं."

माझा चेहरा तेव्हा कोरा होता की नाही, मला सांगता येणार नाही.

हसुरामकाका हसले. "अरे दादा, भरतीनं चिखल होतो काय? चिखल हायच. भरती वर येते म्हनून दिसत नाय. ओहोटी झाली की बगू."

पण डॉक्टरांकडे जायला त्यांचीच टाळाटाळ सुरू झाली. आधी मासळी, मग गावचा उत्सव. खरं कारण काकीने मला दारामागे सांगितलं. डॉक्टर दादाला बोलतील, याची त्यांना भीती होती. दादाला कुणी बोललेलं त्यांनी आयुष्यात ऐकून घेतलं नव्हतं. मिठागरावर मुकादम बोलला तर हे अंगावर जायचे. आता डॉक्टरांच्या अंगावर कसं जाणार? म्हणून जायचंच नाही.

शेवटी काकीच उठली. पट्टी पदराला बांधली आणि दोघांना घेऊन सहा आसनी विक्रम रिक्षात बसली. नंतर तिनेच मला सांगितलं, "मी डाक्टरला म्हटलं, बोलायचं तर मना बोला. बशी मी भरते."

डॉक्टर कुणालाच बोलले नाहीत. त्यांनी हसुरामकाकांना तपासलं, आकडे पुन्हा मांडले, आणि बायॉप्सी करायला सांगितली. सुईने ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासायचे. त्यात कॅन्सर निघाला. मोठ्या हॉस्पिटलात बाकीच्या तपासण्या झाल्या, तेव्हा तो कमरेच्या हाडातही थोडा पोचल्याचं कळलं.

शिबिरानंतर लगेच बायॉप्सी झाली असती तर? हे मी मॅडमना विचारलं. मॅडम म्हणाल्या, "कदाचित. कदाचित तेव्हाही पोचलेला असेल. तो हिशेब आपल्याला जमणार नाही, करू नकोस." मी करत नाही. पण स्कूटी चालवताना तो आपोआप होतो.

तिथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो, म्हणून आता तेच तोडायचं. त्यासाठी काही महिन्यांनी एक इंजेक्शन घेत राहायचं, नाहीतर ऑपरेशन करून अंडकोष काढायचे. आजार पूर्ण जाणार नाही, पण बरीच वर्षं दाबून ठेवता येतो. डॉक्टर हे सगळं जपून, शब्द निवडून सांगत होते. हसुरामकाकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे बैलाचं करतात तसंच ना?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. काका त्यांना धीर देत म्हणाले, "नाय, चांगलंच हाय. बैल मंग निमूट राहतो. आमच्या भावजयला तेच पायजे." हे काकांनीच मला दहा वेळा सांगितलंय आणि दर वेळी हसलेत. एकदाच हसले नाहीत. मी रक्त घेत होते, काकी आत होती. ते कॅलेंडरकडे बघून म्हणाले, "गो, माजी बायको जाऊन इतकी वर्सं झाली. त्या गोष्टीचं काम कायच नव्हतं. तरी पन आपलं होतं." मी कापूस दाबून धरला. दुसरं काय करणार होते?

त्यांनी इंजेक्शन घ्यायचं ठरवलं. आता त्यांचं पीएसए आणि टेस्टोस्टेरॉन दोन्ही करावं लागतं. टेस्टोस्टेरॉन तळाला गेलं की डॉक्टर खूश होतात. इतर पुरुष ज्या आकड्यासाठी घाबरत येतात, तो इथे जितका खाली तितका बरा. पहिल्यांदा तो तळाला गेला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यावर काकांनी मला फोन केला. "नापास झालो गो! डाक्टर टाळ्या पिटतोय."

इंजेक्शनने अंगातून गरम वाफा निघतात, घाम फुटतो. ते पडवीत पंख्याखाली बनियन काढून बसले की काकी म्हणते, "माजी पाळी जाताना असंच झालं, तवा कोन पंखा लावीत होता? तवा भाऊजी तुमीच म्हनायचात, वैनीला काय झालंय, उगाच कावते. आता कळलं काय?"

"कळलं गो वैनी. त्या वक्ताचं पन माफ कर."

"पंखा इकडं फिरवा आदी."

पण या सगळ्यात हिराजीकाकांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. त्यांनी त्यांची गोळी बंद केली होती. कुणाला काही न सांगता. काकी बशीत एक गोळी ठेवायची, ते ती उचलायचे आणि मागच्या दारी टाकून द्यायचे. एक दिवस त्यांची लघवी पूर्ण अडली. पोट फुगून दगडासारखं झालं, तरी ते ओरडले नाहीत. काकीला त्यांचा चेहरा पाहून कळलं. टेम्पोत घालून पेणला आणलं, नळी घातली तेव्हा सुटका झाली.

मी गेले तेव्हा ते घरी आलेले होते, कडेला लघवीची पिशवी लटकत होती. हसुरामकाका त्यांच्यासमोर उकिडवे बसले होते आणि जन्मात पहिल्यांदा दादाला ओरडत होते.

"तुला कोनी सांगितलं बंद कराया? डाक्टरनं सांगितलं? या पोरीनं सांगितलं?"

हिराजीकाका पिशवीची नळी सरळ करत राहिले.

"गोळी मी मागितली. तू दिलीस. मी मागितलं आनि तू दिलं नाय, असं कवा झालंय? मंग आताच कशाला रुसतोस त्या गोळीवर?"

हिराजीकाकांनी आपला रिकामा तळहात पुढे धरला. मग म्हणाले, "ती हातात घेतली की गळ्याखाली उतरत नाय रं."

हसुरामकाका उठून बाहेर गेले. अंगणात पाठ करून उभे राहिले. काकी पिशवीकडे बघून म्हणाली, "आता ह्यांना म्हना, ही पन दोघांत एक वापरा." कुणी हसलं नाही, मग तीच डोळ्याला पदर लावून हसली.

दुसऱ्या दिवसापासून गोळी द्यायचं काम हसुरामकाकांनी घेतलं. ते स्वतः पट्टीतून एक गोळी फोडतात, दादाच्या तळहातावर ठेवतात आणि गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत. "जीभ दाखव," म्हणतात. हिराजीकाका जीभ दाखवतात. लघवीची नळी काही दिवसांनी काढली.

या गोष्टीनंतर माझ्या कामात एक छोटा बदल झाला आहे. आता मी कुणालाही "तुम्हाला कुठलं औषध चालू आहे?" असं विचारत नाही. "घरात कुणाकुणाच्या गोळ्या आहेत, आणि त्यातल्या तुम्ही कुठल्या घेता?" असं विचारते. लोक आधी हसतात. मग आत हाक मारतात, "अगो, ती तुजी कोनती ती मी घेतो?" अशी उत्तरं इतकी येतात की कधी कधी ऐकूनच थकायला होतं. ती चिठ्ठीवर लिहून मॅडमकडे देते. रोह्यात एका घरात तर सासरे, जावई आणि मोलकरीण एकाच ब्लड प्रेशरच्या गोळीवर चालले होते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा त्या गावी गेले होते. फक्त हसुरामकाकांचं रक्त घ्यायचं होतं. ते आता वाळले आहेत, कमरेवर हात ठेवून उठतात, पण बडबड तशीच आहे. मी दंडाला पट्टा बांधला, तर शेजारी हिराजीकाका येऊन बसले आणि त्यांनी आपली बाही दुमडून हात पुढे केला.

"तुमचं आज नाही, काका. चिठ्ठी फक्त हसुरामकाकांची आहे."

"घे ना. त्याचं घेतीस, तर माजं पन घे."

"असं घेता येत नाही."

हसुरामकाका म्हणाले, "दादा, रगत पन वाटून घ्यायचं काय आता?"

हिराजीकाकांनी हात मागे घेतला नाही. मी हसुरामकाकांच्या रक्ताची नळी भरली, सुई काढली, कापूस ठेवला. तेव्हा तोच पुढे केलेला हात हिराजीकाकांनी भावाच्या कोपराखाली घातला आणि अंगठ्याने कापूस दाबून धरला.

मी नळीवर नाव लिहिलं, डबा बंद केला, हातमोजे काढले. काकीने चहा आणला. तो निवत चालला तरी त्यांचा अंगठा तिथेच होता.

"सोड आता, दादा," हसुरामकाका म्हणाले. "रगत कवाच थांबलं."

"थांबलं तर थांबू दे," हिराजीकाका म्हणाले.

आणि हसुरामकाकांनी हात तसाच राहू दिला.